आत्याचं माहेरचं नाव

पंडरीच्या कापड बाजारात कौमुदीचं मॅचिंग सेंटर म्हणजे हातभर दुकान. भिंतीला छतापर्यंत ब्लाउजपीसचे गठ्ठे, मधे गादी, गादीवर कौमुदी, आणि तिच्या मांडीशी बहुतेक वेळा आलूगुंड्यांचा, म्हणजे बटाटेवड्यांचा, तेलकट कागद. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, भोपाळहून साहेब लोक आले, साहेबांच्या मागे मॅडम आल्या आणि मॅडमच्या मागे त्यांच्या साड्या. धंदा असा काही वाढला की विचारू नका. साडीचा पदर नुसता समोर धरला की कौमुदी मागे हात घालायची आणि नेमका तोच रंग ओढून काढायची. एखादीनं नाक मुरडलं तर हिचा पारा चढायचा. "उन्हात नेऊन बघा आधी," म्हणायची, "मग या भांडायले."

अशी तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी बाई. पण स्वतःसाठी साडी घ्यायची नाही म्हणजे नाही. नवरा शेखर मंत्रालयात नोकरीला, स्वभावानं गरीब. दिवाळीला तो बिचारा म्हणायचा, "घे ना एखादी." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "कपाट ओसंडून राहिलं, कुठं ठेवू?" कपाट काही ओसंडत नव्हतं. कौमुदीला चाळिसावं लागलं होतं आणि आपण आता फार दिवसांच्या सोबती नाही, हे तिनं कोणाला न विचारता मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्याचं मूळ तिच्या माहेरी होतं. माहेर रायपुरातल्याच पुरानी बस्तीतलं, पात्रीकरांचं. भोसल्यांच्या काळात नागपूरहून आलेलं घराणं, तिथंच रुजलेलं. या घरात तीन बायका त्या आजारानं गेल्या होत्या. आजाराचं नाव कोणी घेत नसे. सांगणारी बाई नुसता पदर छातीशी घट्ट धरायची, मान हलवायची, आणि ऐकणारीनं समजून घ्यायचं. लहान कौमुदीनं काही विचारलं की लगेच, "पोट्ट्यांनी असल्या गोष्टीत पडू नाही. जा, खेळ बाहेर."

पण पोरांचे कान काय, तेवढ्यासाठीच असतात. आजी सुपात तांदूळ निवडता निवडता एकदम थांबायची आणि "माही गोदी गेली रे, माहं लेकरू गेलं," म्हणून डोळे पुसायची. त्यावरून कौमुदीला गोदाआत्या कळली. तिच्या डोळ्यापुढे दोन वेण्यांची, परकर नेसलेली पोर उभी राहायची. आई कधी शेजारणीपाशी हळूच बोलायची, "आमच्या जबलपूरच्या विनोदिनीवन्संलेही हेच झालं होतं." ती विनोदिनीआत्या. आणि तिसरी शर्मिष्ठाकाकू, ती तर कौमुदीनं डोळ्यांनी पाहिलेली. शामरावकाकांची बायको. कौमुदीच्या वेण्या घालणारी, तेल चोपडताना गुणगुणणारी. चाळिशीत गेली. शेवटी शेवटी तिच्या हातात कंगवाही धरवत नव्हता.

तीन बायका, एकच घर. 'पात्रीकरांच्या बायका चाळिशी ओलांडत नाहीत' असं कोणीतरी कधीतरी बोलून गेलं आणि ते कौमुदीच्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच. आजी ऐंशीच्या घरात गेली होती हे तिच्या लक्षात यायचं नाही. भीती बसली की माणूस धीर देणारं तेवढंच विसरतं.

बरं, आपल्यापुरतं घाबरून बसली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिची मुलगी गंधाली तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पोरगी हुशार. नागपूरला जाऊन पुढं शिकायचं तिनं ठरवलेलं. आणि इकडे कौमुदीनं दुर्गच्या एका स्थळाशी बोलणं लावलं. शेखर गडबडला. "एवढी घाई काहून? पोट्टीले शिकू दे ना."

"माह्या डोळ्यांदेखत होऊ दे," एवढंच ती म्हणाली आणि भाजीला फोडणी घालायला उठली.

गंधालीनं मात्र ते शब्द पकडले. ती घरात मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची, या पिढीची तीच रीत. "डोळ्यांदेखत मतलब? आई, आप कहाँ जा रही हो?" कौमुदीनं आधी उडवून लावलं, मग रागावली, मग ओट्याला टेकून रडायला लागली आणि सगळं सांगून मोकळी झाली. गोदाआत्या, विनोदिनीआत्या, काकू. पोरगी ऐकत राहिली. मग तिनं आईच्या हातातला झारा काढून घेतला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "ठीक है. लड़का देखूँगी. पर पहले आप डॉक्टर को दिखाओगी. ये सब उनको बताओगी. फिर आप जो बोलो."

कौमुदीनं आढेवेढे घेतले. दुकान आहे, लग्नसराई आहे, पाय दुखतो. खरं तर तिला वाटत होतं, डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपल्या पायानं जाऊन निकाल ऐकायचा. न ऐकता जे दिवस मिळतील ते तरी बरे. पण तीळगुळाच्या हळदीकुंकवाला मराठी महिला मंडळानं नेमकी एका डॉक्टरीणबाईंना बोलायला बोलावलं. राधिका नाव, नागपूरच्या, रायपुरात नुकताच दवाखाना काढलेला. वाणाची प्लास्टिकची डबी हातात घेऊन बायका बसल्या होत्या. डॉक्टरांनी 'स्तनाचा कॅन्सर' असे शब्द चक्क मोठ्यानं उच्चारले. दोघीतिघींनी माना खाली घातल्या, एकीनं पदर सावरला. कौमुदी उठायला बघत होती. बाजूला बसलेल्या गंधालीनं तिचा हात असा काही दाबून धरला होता की उठून जाण्याची सोयच नव्हती.

आठवड्याच्या आत मायलेकी दवाखान्यात बसल्या होत्या.

राधिका डॉक्टरांनी आधी तपासलं. कुठं गाठ नाही, कातडीला खळी नाही, काही नाही. एक्सरेसारखी एक तपासणी असते, मॅमोग्राफी, ती करून घ्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "आता घरातलं सांगा. कोणाकोणाला झालं होतं?"

कौमुदीनं तीन नावं सांगितली. इतकी वर्षं मनात घोकलेली, त्यामुळे एका दमात सांगितली.

"काकू म्हणजे काकांची बायको ना?"

"हव."

"मग त्या यात कशा येतील?"

"काहून नाही येणार?" कौमुदीला रागच आला. "आमच्या घरात लग्न होऊन आल्या, आमच्याच घरात गेल्या. पात्रीकरच होत्या त्या."

"लग्नानं गोत्र लागतं हो कौमुदीताई, रक्त नाही लागत. काकूंचा आजार त्यांच्या माहेरचा असेल. तो तुमच्यापर्यंत यायला वाटच नाही."

खरं तर कौमुदीला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला असं वाटलं की या बाईनं आपली काकू आपल्यापासून तोडली. वेण्या घालणाऱ्या त्या हातांचा आणि आपला काही संबंध नाही, हे ऐकायला बरं वाटत नव्हतं. तिच्या डोळ्यात पाणी आलं. डॉक्टर थांबल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आईकडचं काय?"

"आईकडचं कशाला? ते घराणंच वेगळं."

"तुम्ही अर्ध्या तिकडच्या आहात. तिकडचंही तेवढंच धरायचं असतं."

हे तर कौमुदीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आईला जाऊन चार वर्षं झालेली. पण चंद्रपूरच्या मावश्या होत्या, सगळ्या ठणठणीत, फोनवर अजून एकमेकींच्या चुगल्या करणाऱ्या. आईच्या आईचंही तसं काही ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुन्हा आत्यांकडे वळल्या.

"विनोदिनीआत्या कोणत्या वयात गेल्या?"

"लहानच होत्या म्हणतात."

"म्हणजे तीस? चाळीस? आणि गोदाआत्या?"

"त्या तर अगदीच लहान."

"त्यांचं सासर कुठलं?"

विनोदिनीआत्याचं सासर जबलपूर, हे कौमुदीला ठाऊक होतं. गोदाआत्याचं सासर? लग्न तरी झालं होतं की नव्हतं? जिच्या भीतीत आपण जन्म काढला तिच्याबद्दल आपल्याला दोन वेण्यांपलीकडे काहीच माहीत नाही, आणि त्या वेण्याही आपणच घातलेल्या. तिला लाजल्यासारखं झालं.

"आई, आबा को पूछ लो ना," गंधाली म्हणाली. "आबा तो हैं."

आबा म्हणजे कौमुदीचे वडील, यशवंतराव. पंच्याहत्तरी केव्हाच उलटलेली. सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली आणि तिथलं मौन घरी घेऊन आलेले. दुपारी कौमुदी गंधालीला घेऊन पोचली तेव्हा ते अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते. दाणे भांड्यात आणि सालं मांडीवर. कौमुदी समोर पाटावर बसली, चार शेंगा तिनंही सोलल्या. मग एकदम विचारून टाकलं.

"बाबा, गोदाआत्या केव्हा गेली?"

यशवंतरावांचे हात थांबले. "काहून?"

"डॉक्टरनं विचारलं."

"तू पाच वर्षांची असशील. माही बदली धमतरीले होती तेव्हा."

"आणि विनोदिनीआत्या?"

यशवंतरावांनी चष्मा कपाळावर सारला. "तेव्हाच की."

"दोघी एकाच वेळी गेल्या?"

"दोघी कोण?"

"गोदाआत्या आणि विनोदिनीआत्या."

म्हातारा तिच्याकडे असा बघत राहिला, जसं पोरीला वेडबिड लागलंय. मग त्यांनी मांडीवरची सालं झटकली. "अव येडे पोट्टी, दोघी कुठून आणल्यास? गोदी म्हणजेच विनोदिनी! माही एकच बहीण. जबलपूरवाल्यायनं लग्नात नाव बदललं तिचं. तांदळात अंगठीनं लिहिलं, विनोदिनी. झाली विनोदिनी. तुही आई या घरात आली तेव्हा गोदीचं लग्न होऊन जुनं झालं होतं. तिनं सासरचं नाव ऐकलं, तेच घेतलं. तुही आजी मात्र मरेपर्यंत गोदीच म्हणे."

"आणि तुम्ही?"

"म्या कुठं काही म्हटलं?" यशवंतराव म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

कौमुदीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "पण लहान होती ना ती? आजी म्हणे, माहं लेकरू गेलं."

"आईले लेकरू म्हातारं दिसते का? माह्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती गोदी. म्या तिच्या कडेवर वाढलो. नातवंडं खेळवून गेली ती. साठीला टेकली होती." त्यांनी चष्मा काढून भांड्याशेजारी ठेवला. "शेवटी गेलो तर तिनं मले ओळखलं. नाव घेतलं माहं. म्या तिले नाही म्हणू शकलो गोदी, सासरचे लोक बसले होते सारे. वहिनी-वहिनी करत होते. म्याही विनोदिनीताईच म्हटलं."

आणि मग एक विचित्रच गोष्ट झाली. कौमुदीला हसू फुटलं. आधी दबकं, मग खदखदून. एक बाई, दोन नावं, आणि आपण दोन दोन आत्यांच्या भीतीनं जन्मभर झुरत बसलो! आईनं आणि आजीनं एकदा जरी एका जागी बसून नाव घेतलं असतं तरी सुटलं असतं हे कोडं. हसता हसता ती रडायला लागली. यशवंतरावही रडत होते, पण ते वेगळ्या गोष्टीसाठी. आत गंधाली चहा ठेवत होती, ती धावत बाहेर आली. "क्या हुआ? कोई गया क्या?"

"नाही व," कौमुदी डोळे पुसत म्हणाली. "एक कमी झाली."

शर्मिष्ठाकाकूचंही यशवंतरावांनीच सांगितलं. काकूचं माहेर अमरावतीचं. तिच्या आईलाही हेच झालं होतं, तेही ऐन उमेदीत. लग्न ठरताना कोणी बोललं नव्हतं, पुढं कळलं तेव्हा बोलून उपयोग नव्हता.

मॅमोग्राफीचा रिपोर्ट चांगला आला. कौमुदीनं तो उलटासुलटा करून पाहिला, डॉक्टरांच्या तोंडून दोनदा वदवून घेतला, आणि तरी बाहेर येऊन गंधालीला विचारलं, "त्या खरं बोलल्या ना?" राधिका डॉक्टर तिला साफ म्हणाल्या होत्या, "एकच आत्या, तीही साठीच्या आसपास. तुमचा धोका चारचौघींपेक्षा जरासा जास्त असेल, फार नाही. पण निर्धास्तही राहू नका. ज्यांच्या घरात कोणालाच नव्हता अशा पुष्कळ बायकांना होतो. स्वतःचं अंग ओळखा, काही वेगळं वाटलं तर लगेच या, आणि मी सांगेन तेव्हा तपासणीला या. गणपती आले की पाळी पुढं ढकलायला मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत, आधी विचारायचं. आणि ते आलूगुंडे कमी करा. दिवसभर गादीवर बसून खाता, वजन वाढलंय. थोडं चाला."

वजनाचं ऐकून कौमुदीला झोंबलं, हे सांगायलाच हवं. कॅन्सर नाही याचा आनंद एकीकडे आणि आलूगुंड्यांचं नाव घेतल्याचा राग एकीकडे. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी बूढा तालाबाच्या काठानं ती झपाझप चालताना दिसायला लागली, मागे शेखर धापा टाकत.

दुर्गच्या लोकांना तिनं स्वतः फोन केला. "पोट्टी शिकणार म्हणते," म्हणाली, "आणि मलेही आता घाई नाही." फोन ठेवला आणि थेट बाजारात गेली. समोरच्याच दुकानातून मोरपंखी रंगाची साडी घेतली. दुकानदार चकित. भाभी आज स्वतःसाठी! ब्लाउजपीस मात्र तिला काही केल्या पसंत पडेना. स्वतःच्याच दुकानात गठ्ठे उपसत बसली आणि शेवटी गंधालीनं एक हातात दिला तोच घेतला.

एक काम उरलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. काकूचा मुलगा भार्गव भिलाईला राहायचा, त्याच्या दोन मुली. आपल्यावरून उतरलेलं ओझं त्या पोरींच्या डोक्यावर नेऊन ठेवायचं, असं तिला वाटत होतं. दोन दिवस ती फोनजवळ जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी केला. भार्गव आधी वैतागला. "दीदी, बच्चियों को क्यों डरा रही हो?" "घाबरवून नाही राहिले," ती म्हणाली, "मी घाबरून बसले ना इतके वर्ष, तू तसा बसू नको. तुह्या आईकडचं आहे, बापाकडूनही पोरींकडे येऊ शकते म्हणतात. एकदा डॉक्टरीणबाईशी बोल." तो बोलला. पुढं त्यांच्या तपासण्या व्यवस्थित सुरू झाल्या. पोरी छान आहेत, आणि कोणी केव्हा तपासून घ्यायचं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर पंडरीतल्या त्या हातभर दुकानात एक नवीच रीत पडली. अस्तर कापून घेता घेता एखादी बाई म्हणायची, "हमारे घर में भी बुआ को था," की कौमुदीची कात्री थांबायची. गल्ल्याशेजारच्या चिंध्यांतून ती लाल आणि पिवळे तुकडे काढून गादीवर मांडायची. रक्ताची ती लाल, लग्न होऊन आलेली ती पिवळी. आईकडची इकडे, बाबांकडची तिकडे. "आता सांगा, कोणती बुआ? किती वर्षांची? आणि मायके का नाम क्या था उनका?" बाई गोंधळायची. "पूछ के आओ घर में," कौमुदी म्हणायची, "आणि मग डॉक्टरकडे जा. मी डॉक्टर नाही, मी फक्त मॅचिंग करते." कोणाचा एक लाल तुकडा निघायचा, कोणाचे दोन. दोनवाल्यांना ती त्याच दिवशी राधिका डॉक्टरांच्या दवाखान्याचा पत्ता द्यायची आणि पुढच्या खेपेला गेल्या की नाही ते विचारायची. एखादी नाही म्हणाली तर तिला ब्लाउजपीस मिळायचा, पण बोलणी खाऊन.

गंधाली नागपूरला शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि लग्नही तिनं स्वतःच जमवलं. मुलगा साधा, घरचे भले. लग्न रायपुरातच झालं. विधी आटोपत आले तेव्हा ताटात तांदूळ पसरले गेले, नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी दिली गेली आणि विहीणबाई हौसेनं म्हणाल्या, "आम्ही शर्वरी ठरवलंय. किती गोड आहे ना?"

सगळ्या लग्नात कौमुदीनं एका शब्दानं कुठं आडकाठी केली नव्हती. मानपान, जेवण, बँड, सगळ्याला हो म्हणाली होती. ती पुढं झाली. मोरपंखी साडी, अंगावर फिट्ट बसलेला ब्लाउज.

"नाव गोड आहे," ती म्हणाली, "पण बदलू नका. हात जोडते. हिच्या भाच्या-पुतण्यांना हिचं एकच नाव ठाऊक असू द्या."

विहीणबाईंना काही कळलं नाही. पण कौमुदीचा चेहरा बघून त्यांनी मुलाकडे बघितलं, आणि मुलानं गंधालीकडे. त्यानं तांदळात अंगठीनं लिहिलं, 'गंधाली'. कोपऱ्यातल्या खुर्चीवर यशवंतराव बसले होते. त्यांना लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी कौमुदीची बाही ओढली.

"काय लिहिलं?"

"गंधाली, बाबा. गंधालीच."

यशवंतरावांनी मान हलवली. म्हणाले, "चांगलं केलंस. गोदीले तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं."